गाडी झाली की येतो

पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते तेहतीस वर्षं फिटर होते आणि तिथे त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारा माणूस एकच, पगाराची पाकिटं वाटणारा कारकून. बाकी सगळ्यांसाठी ते गुण्या. गुण्या म्हणजे कोपरा काटकोनात आहे की नाही ते पाहायचं साधन. तसा एक वीतभर लोखंडी गुण्या कायम त्यांच्या मागच्या खिशात असायचा आणि दिसेल त्या कोपऱ्याला ते तो लावून बघायचे. कॅन्टीनचं टेबल, नोटीस बोर्ड, कुणाच्या डब्याचं झाकणसुद्धा. एकदा रजा मागायला साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि रजेचं बोलायच्या आधी म्हणाले, "साहेब, तुमचं दार गुण्यात नाही." रजा मिळाली नाही. दार मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, स्वतःहून नीट करून दिलं.

बायको म्हणायची, "लोक गुण्यागोविंदानं नांदतात. माझ्या वाट्याला नुसता गुण्या आला."

रिटायर झाले त्याच महिन्यात त्यांनी ती गाडी आणली. गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात ती झुडपात रुतून पडली होती. साठेक वर्षांपूर्वीचा पिकअप ट्रक. पुढे गोल दिवे, फुगीर बॉनेट, आत जेमतेम तिघं बसतील अशी केबिन आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा, ज्यातल्या फळ्या केव्हाच कुणीतरी चुलीत घातल्या असाव्यात. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथे ती दुसऱ्या ट्रकवर लादून आली. बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"ही स्वतःच्या पायांनी आली असती तर बरं वाटलं असतं," ती म्हणाली.

"येईल की. दीड वर्ष दे मला. तुला बसवून फिरवतो का नाही बघ."

"माझं आहे हो सगळं आयुष्य पडलेलं," ती म्हणाली आणि आत गेली. पण संध्याकाळी तीच चहा घेऊन शेडमध्ये आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "रंग कोणता देणार?"

चार महिन्यांनी त्यांच्या एकुलत्या एका मुलीला मुलगी झाली. मुलगी दूरच्या शहरात, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायची. ती आणि जावई दोघंही नोकरी करणारे. बायकोने बॅग भरली. सहा महिन्यांचा प्रश्न होता.

"तुम्हीही चला ना," ती म्हणाली.

तोपर्यंत त्यांनी इंजिन खाली उतरवलं होतं. नट-बोल्ट रिकाम्या डब्यांत घालून प्रत्येक डब्यावर कागद चिकटवला होता. "आता हे असं टाकून कसा येऊ? गाडी झाली की येतो."

सहा महिन्यांचं वर्ष झालं. पाळणाघर काही मुलीच्या मनासारखं मिळेना. मग नातीला बालवाडी, मग शाळा. दर वेळी बायको म्हणायची, एवढं झालं की येते. दर वेळी हे म्हणायचे, गाडी झाली की येतो. दोघांचं भांडण काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर कुणी मध्ये पडून मिटवलं तरी असतं.

मध्ये एकदा ते आठ दिवस तिकडे जाऊन आले. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या आवळल्या, कपाटाची कुरकुर बंद केली, गळका नळ बदलला. तिसऱ्या दिवशी करायला काही उरलं नाही. जावई फार चांगला माणूस, सारखा विचारायचा, "बाबा, काही हवंय का?" पाहुण्याला विचारतात तसं. नात त्यांना बघून आजीच्या पाठीमागे लपायची. बायको सकाळी बाकीच्या आज्यांबरोबर फिरायला जायची, दुपारी नातीला आणायला. तिला वेळ नव्हता आणि यांच्याकडे वेळेशिवाय काही नव्हतं. आठव्या दिवशी ते म्हणाले, "चला, गाडी उघडी पडलीय." ती पावसातही पडलेली नव्हती आणि उन्हातही. शेडमध्ये होती.

पहिली दोन वर्षं काम झपाट्याने झालं, हे खरं. गंज घासून काढला, कुजलेला पत्रा कापून नवीन जोडला, खड्ड्यांत लांबी भरून पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला. करड्या प्रायमरमधली ती गाडी बघायला गल्लीतले लोक यायचे. नंतर काम मंदावलं आणि तिसऱ्या वर्षी, केबिन चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, चढवून बसवायची वेळ आली, तेव्हा ते थांबलंच. का थांबलं ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. गाडीवर ताडपत्री आली.

बायकोचा फोन रोज सकाळी अकराला यायचा, नातीला शाळेत सोडून आली की. हे ओट्याशी उभे राहून बोलायचे. जेवायचेही उभ्यानेच. एकट्यासाठी टेबल पुसायचं, मांडायचं, परत पुसायचं, कशाला? दोन ताटल्या होत्या, त्यातली एकच धुवून परत वापरायचे.

"आज काय केलं?" ती विचारायची.

"दार बसवलं."

"मागच्या महिन्यात बसवलं होतंत ना?"

"ते डावं."

"डावी किती दारं आहेत हो तुमच्या गाडीला?"

यावर ते जोरात हसले आणि तीही हसली. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, तिला माहीत आहे. किती दिवसांपासून, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी अकराला तिने परत विचारलं, "आज काय केलं?" आणि यांनी सांगितलं, "मडगार्ड घासलं." दोघांना बोलायला काहीतरी लागायचं.

असंच एका सकाळी बोलता बोलता ती म्हणाली, "परवा पट्टी काढली. आता अगदी स्वच्छ दिसतंय."

"कसली पट्टी?"

"डोळ्याची. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता ना. गेल्या मंगळवारी ऑपरेशन झालं."

मंगळवारीही अकराला फोन आला होता. बुधवारीही.

"मला सांगितलं नाहीस."

"तुमचं गाडीचं काम चाललेलं. म्हटलं, कशाला अर्ध्यावर सोडून यायला लावा."

त्यांनी तिच्या आवाजात टोमणा शोधला. टोमणा असता तर त्यावर रागावता आलं असतं. पण ती अगदी साधेपणाने बोलत होती. भाजी स्वस्त मिळाली, कामवाली आली नाही, डोळ्याचं ऑपरेशन झालं.

फोन ठेवून ते शेडमध्ये गेले आणि ताडपत्री ओढून काढली. प्रायमरवर धुळीचा थर बसला होता. बॉनेटवर कुठली तरी मांजर चालून गेल्याची पावलं होती, तीही आता जुनी झालेली. रंगाचा डबा उघडला तर वर जाड साय धरलेली. तो रंग बायकोने निवडला होता, गडद हिरवा. त्यांनी झाकण लावलं, कपडे बदलले आणि नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

दुकान चालवणारी बाई लोकांच्या जाहिराती, अर्ज, फोटो सगळं करून द्यायची. यांनी तिला एका कागदावर लिहून आणलेला मजकूर दिला: "अर्धवट जुना पिकअप विकणे आहे."

"काका, अर्धवट नको," ती म्हणाली. "लोक मालकाला अर्धवट समजतील. अपूर्ण लिहू?"

"अपूर्ण लिहा."

"विकायचं कारण विचारतात. काय टाकू?"

ते बराच वेळ काचेखालच्या जुन्या ओळखपत्रांकडे बघत राहिले. "मालक बाहेरगावी जात आहे," त्यांनी सांगितलं. असं काही ठरलेलं नव्हतं. तिने लिहिलं, त्यांच्या मोबाईलमधले चार फोटो नेटवर चढवले आणि चहा मागवला. तो चहा त्यांनी बसून प्यायला. पुढे दोन दिवस ते काही ना काही कारण काढून त्या दुकानात जात राहिले. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "काका, फोन तुमच्या नंबरवर येईल. इथे यायला नको."

पहिला फोन एका हॉटेलवाल्याचा आला. बघायला आला तेव्हा हा माणूस गाडीकडे न बघता शेडभर मोबाईल फिरवत राहिला. त्याला गाडी हॉटेलच्या दारात उभी करायची होती, हौद्यात कुंड्या ठेवायच्या होत्या आणि वरून दिव्यांच्या माळा सोडायच्या होत्या.

"लोक फोटो काढतात हो अशा वस्तूंबरोबर."

"पण इंजिन आहे तिला. सगळे भाग आहेत. डब्यांत आहेत."

"इंजिन तुम्ही ठेवा. मला वरचा सांगाडा पुरे."

गुण्याकाकांनी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि सांगितलं, "कळवतो." कळवलं नाही. दुसरा माणूस भंगारवाला निघाला. तो फोनवरच म्हणाला, "वजनावर घेतो." त्याला त्यांनी नीट ऐकूनही घेतलं नाही.

मग पंधरा दिवस कुणीच आलं नाही. रोज ते शेड झाडायचे, डबे ओळीने मांडायचे आणि खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. अकराच्या फोनवर जाहिरातीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. "चाक रंगवलं," ते म्हणायचे. "बरं," ती म्हणायची.

रविवारी सकाळी एक जोडपं आलं. नवरा डेंटर होता, गाड्यांचा ठोकलेला पत्रा सरळ करणारा, चाळिशीचा, हाताच्या बोटांना भेगा. बायको त्याच्याच गॅरेजमध्ये रंगकाम करायची. दोघांनी आल्या आल्या गाडीला हात लावला नाही. आधी लांबून बघितली, मग तो गुडघ्यांवर बसून खाली वाकला आणि तिने काही न बोलता त्याच्या हातात टॉर्च दिला.

"जोड कुणी मारलेत?" डेंटरने खालूनच विचारलं.

"मीच."

"हात बसलेला आहे हो तुमचा."

हे ऐकायला त्यांना पाच वर्षं थांबावं लागलं होतं. पण ते ऐकताना त्यांची मान वर झाली नाही. डेंटरने खिशातून टेप काढला आणि एक टोक बायकोकडे दिलं. ती मागच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन बसली, तो पुढच्या उजव्या कोपऱ्याशी. त्याने "धर" म्हटलं नाही, तिने "धरू का" विचारलं नाही. एक माप झालं. आता दोघं उठून दुसरं तिरकं माप घेणार, तेवढ्यात गुण्याकाका म्हणाले, "राहू द्या. दोन बोटांचा फरक येईल."

दोघं थांबली.

"चासी वाकडी आहे," ते म्हणाले. "मधली आडवी पट्टी सडली होती, ती पहिल्या वर्षी मी कापून नवीन घातली. माप घेताना टेपचं टोक खिळ्याला अडकवलं होतं. एकटाच होतो. ते सरकलं असणार, मला कळलं नाही. मी जोड मारून मोकळा. तिसऱ्या वर्षी केबिन चढवायला गेलो तर उजवं दार लागेना. घासलं, ठोकलं, बिजागरी बदलली. मग माप घेतलं. कारखान्यात मला गुण्या म्हणायचे."

डेंटरने टेप गुंडाळून खिशात टाकला. त्याच्या चेहऱ्यावर काही फार मोठं ऐकल्यासारखं दिसत नव्हतं.

"काका, दोन दिवसांचं काम आहे हे. जोड कापायचा, साखळी लावून ओढून घ्यायचं, परत मारायचा. महिन्याला एक तरी अशी येते माझ्याकडे."

"माहीत आहे."

"मग केलं का नाही?" त्याच्या बायकोने विचारलं. तिने सहज विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

गुण्याकाकांना वाटलं सांगावं, वय झालं, हात चालत नाही, साखळीचा जॅक नाही. जॅक भाड्याने मिळत होता, दोन गल्ल्या सोडून. त्यांनी डब्यांच्या ओळीकडे बघितलं.

"मग गाडी झाली असती ना," ते म्हणाले.

डेंटरला ते कळलं नाही. तो "म्हणजे?" म्हणणार होता, पण बायकोने त्याच्या कोपराला हात लावला. तिला किती कळलं कोण जाणे. तिने विचारलं, "डब्यांवर लिहिलंय ते तुमचंच अक्षर?" आणि एकेक डबा उचलून वाचायला लागली. पुढचा अर्धा तास ते तिला कुठला बोल्ट कुठला ते सांगत होते. इतकं सलग ते कितीतरी दिवसांत बोलले नव्हते. शेवटी घसा बसला.

व्यवहार उभ्याउभ्या ठरला. मंगळवारी क्रेन आली. गाडी उचलली गेली तेव्हा चाकं क्षणभर अधांतरी गोल फिरली आणि गल्लीतला कुणीतरी म्हणाला, "अरे, चालली की!" लोक हसले. तेही हसले. डेंटरची बायको हिरव्या रंगाचा डबा हातात घेऊन उभी होती.

"हा घट्ट झालाय, पण नंबर वाचता येतोय. हाच द्यायचा का?"

"आता गाडी तुमची आहे," ते म्हणाले. "तुम्हाला आवडेल तो द्या." आणि क्रेन वळायच्या आत घरात गेले.

शेड झाडायला तास लागला, फरशीवरचे तेलाचे डाग घासायला दुपार. बुधवारी सकाळी उठले आणि करायला काही नव्हतं. नऊ वाजता ओट्याशी जाऊन उभे राहिले. दहा वाजता परत. अकराला फोन वाजला.

"आज काय केलं?"

"गाडी विकली."

तिकडे मागे कुणाच्या तरी मिक्सरची घरघर चालू होती, ती बंद झाली.

"कुणाला?"

"डेंटर आहे एक. नवरा-बायको मिळून काम करतात."

"बरं."

"चासी वाकडी होती. माझ्याच हातून. दोन वर्षं मी तिला हातही लावलेला नाही."

"हात लावलेला नाही ते माहीत होतं," ती म्हणाली. "वाकडी होती ते नव्हतं माहीत." मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला यायचंच नाहीये."

खोटं बोलायची सवय इतकी झाली होती की "छे, छे" तोंडावर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं.

"नव्हतंच यायचं. तिकडे मी कोण? आणि तू इतकी सहज गेलीस."

"सहज?" ती म्हणाली. तेवढंच. फोन कट झालाय की काय म्हणून त्यांनी दोनदा कानापासून काढून बघितला.

शेवटी त्यांनीच विचारलं, "आलो तर चालेल का?"

नवऱ्याने बायकोला असं विचारायचं नसतं, ती लगेच "हे काय विचारणं झालं" म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "लेकीला विचारून सांगते. माझ्या खोलीत आता नातीचं अभ्यासाचं टेबल आलंय. जागा बघावी लागेल."

चार दिवस अकराला फोन येत राहिला आणि त्या विषयावर ती बोलली नाही. हेही बोलले नाहीत. त्या चार दिवसांत त्यांना रिकाम्या शेडकडे बघवेना, म्हणून ते पुढच्या खोलीत बसून राहिले. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "या. काही दिवस हॉलमध्ये सोफ्यावर झोपावं लागेल, पाय लांब होणार नाहीत. चालेल?"

"चालेल."

"नंतर बघू काहीतरी."

घराची किल्ली झेरॉक्सवालीकडे ठेवून ते निघाले. प्रवास दीड दिवसाचा होता. स्टेशनवर मुलगी आणि जावई येतील असं धरून ते गर्दीत त्या दोघांना शोधत राहिले आणि त्यामुळे समोर उभी असलेली बायको त्यांना आधी दिसलीच नाही. ती बारीक झाली होती. केस कापले होते, हे फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

"एकटीच आलीस?"

"त्यात काय? बस थेट येते." तिने त्यांच्या हातातली छोटी पिशवी घेतली. "ही आणि ती बॅग? बाकी सामान?"

"एवढंच."

ती पुढे चालायला लागली. भराभर, न बघता, पायाखालचा रस्ता असल्यासारखी. ते बॅग सावरत मागून. जिन्याशी तिने वळून पाहिलं, थांबली, ते पोचल्यावर परत निघाली. रस्त्यावर आल्यावर ते सवयीने सरळ ओलांडायला गेले, तशी ती म्हणाली, "इथून नाही. पुढे सिग्नल आहे." बसमध्ये एक बाई तिला ओळखीची निघाली. दोघी कुणाच्या तरी गुडघेदुखीवर बोलल्या. त्या बाईने यांच्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"आमचे हे," बायको म्हणाली. "आलेत राहायला."

"किती दिवस?" बाईने यांनाच विचारलं, हसतमुखाने.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, स्टॉप चुकू नये म्हणून.

"बघू," ते म्हणाले.

तीन स्टॉपनंतर ती उठली आणि दाराकडे गेली. तेही उठले. बस थांबायच्या आत उतरायची घाई करू नका, असं ती त्यांना म्हणाली, आणि दांडा कुठे धरायचा ते दाखवलं.